दोन दिवस कमी

"ही एक दिवस त्या पार्कातल्या पांढऱ्या घरात राहायला जाणार, लिहून ठेवा," शेजारच्या आजी म्हणत होत्या. इंग्रजीत, आणि तसं कुणालाच उद्देशून नाही. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं आणि त्या त्याच्या मुठीकडे बघत होत्या.

डब्लिनच्या मोठ्या पार्कातलं पांढरं घर म्हणजे इथल्या राष्ट्राध्यक्षांचं. जिजूंनी ते त्यांच्या आईला मराठीत सांगितलं.

"मग!" काकू म्हणाल्या. ताईच्या सासूबाईंना मी काकू म्हणते. त्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आल्या होत्या. "गुरुजींनी राजयोग बघूनच दिवस दिलाय की. त्यांना म्हणावं, तोंडात साखर पडो तुमच्या." आणि त्यांनी खरंच उठून आजींच्या तोंडात पेढा घातला. आजी दचकल्या, पण छान चावून खाल्ला.

ड्रोहेडातल्या ताईच्या घरी बारसं होतं. दुकानातून आणलेल्या कॉटला तिची साडी गुंडाळून पाळणा केला होता. तो झुलत नव्हता, म्हणून जिजू बाजूला उभे राहून पायाने हलवत होते. आठदहा माणसं होती, बहुतेक ताईच्या हॉस्पिटलमधली. मी खिडकीजवळ कागदी बश्या एकेक सुट्या करत बसले होते. माणसं जमली की असं हाताला लागेल ते काम मी शोधून काढते.

ताईचे एक सिनियर डॉक्टर, पुण्याचे, सोफ्यावर ऐसपैस बसले होते. त्यांना प्रश्न विचारायची फार हौस. "अमेरिकेत काय असतं," ते म्हणाले, "राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर माणूस जन्मानेच तिथला नागरिक लागतो. नंतर शपथ घेऊन झालेला चालत नाही. इथे काय नियम आहे?"

"हिला विचारा ना," जिजू माझ्याकडे हात करून म्हणाले. "आमच्या वकीलबाई."

मी वकील नाही. मेनूथला मास्टर्स केलं आणि आता चेरीवूडच्या एका ऑफिसात परदेशी कर्मचाऱ्यांचे कागद तपासते. कुणाचं परमिट कधी संपतंय, कुणाचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड मधे किती दिवस बंद होतं, कुणाचे किती दिवस धरायचे आणि किती नाही. दिवसभर तारखा.

"नागरिक असायला लागतं," मी म्हणाले. "आणि वय पस्तीस."

"जन्मानेच नागरिक?"

"नाही. कसाही झालेला चालतो."

"ऐका! म्हणजे एवढीही अट नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि ही तर जन्मानेच. डबल पक्कं."

"फक्त पस्तीस वर्षं थांबायचंय," जिजू म्हणाले. "तेवढ्यात मी शेरवानी शिवून घेतो."

सगळे हसले. मीही हसले. बश्या सुट्या करून संपल्या होत्या, म्हणून मी त्या परत एकात एक घातल्या.

ती जन्माने नागरिक नव्हती. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं.

पूर्वी इथे जन्मलं की झालं, मूल इथलं. वीसेक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी मतदान करून ते बदललं. आता आईबापांपैकी कुणीच नागरिक नसेल, तर बाळाच्या जन्माआधीच्या चार वर्षांतली तीन वर्षं त्यांच्यापैकी एकाने इथे काढलेली असायला हवीत. आणि नुसती काढून भागत नाही, ती धरली जाणारी हवीत. जिजू विद्यार्थी म्हणून आले, विद्यार्थ्याची वर्षं धरत नाहीत. त्यांची नोकरी सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. म्हणजे भिस्त ताईवर. ताई तीन वर्षांहून थोडी जास्तच इथे होती. पण पहिल्या वर्षी तिने हॉस्पिटल बदललं तेव्हा नव्या नोकरीचा कागद उशिरा आला, त्यामुळे कार्डाचं नूतनीकरण उशिरा झालं. ते तीन आठवडे ती रोज ड्यूटीला जात होती, माणसं तपासत होती, पण त्या काळाचं कार्ड तिच्याजवळ नव्हतं. ते तीन आठवडे गळतात. ते वजा केले की तिची तीन वर्षं पूर्ण होत होती एका गुरुवारी.

बाळ झालं त्याच आठवड्यातल्या मंगळवारी.

मंगळवार कसा ठरला, हे सांगायला हवं. बाळ आडवं होतं, म्हणून सिझेरियन आधीच ठरलेलं होतं. ताईच्या कन्सल्टंटांनी सांगितलं, मंगळवार घ्या नाहीतर शुक्रवार, मला दोन्ही सारखेच. ताईने हे घरी फोनवर सांगितलं आणि काकूंनी, त्या तेव्हा अजून कोल्हापुरात होत्या, गुरुजींना विचारलं. मग एका रविवारी दुपारी सगळे व्हिडिओ कॉलवर आले. एका चौकोनात ताई आणि जिजू, एकात काकू, एकात पुण्याहून आमचे आईबाबा. आणि एकात मी, चेरीवूडजवळच्या माझ्या भाड्याच्या खोलीतून. माझा आवाज बंद होता. तो मी नेहमीच बंद ठेवते.

"शुक्रवार नको," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी मूळ लागतंय. मंगळवारी सकाळी नऊ ते साडेदहा बघ, राजयोग हाय. गुरुजी म्हणाले, असा योग लाखात एकाला."

"आई, ऑपरेशनची वेळ आपल्या हातात नसते," ताई म्हणाली.

"तुझ्याच हॉस्पिटलात हाय न्हवं? पहिला नंबर माग की. तेवढं देतील."

जिजू हसत होते. "राजयोग म्हणजे काय आई? पंतप्रधान का?"

"हस तू. तुझ्या वेळी कुणी बघितलं न्हाई, म्हणून असा झालास."

आमची आईही हसली. ताई डॉक्टर आहे, तिचा यातल्या कशावर विश्वास नाही. पण आदल्या वर्षी तिचं एक मूल चौथ्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर काकूंनी काही सांगितलं की ताई वाद घालत नसे. मूळ हा शब्द काकूंनी उच्चारला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मी त्या छोट्या चौकोनातही बघितलं. "मला दोन्ही सारखंच," ती म्हणाली. "मेडिकली काही फरक नाही. मंगळवार घेऊ."

माझ्यासमोर तेव्हा दुसऱ्या खिडकीत एक तक्ता उघडा होता. त्याच सकाळी मी ताईचे दिवस मोजले होते. कुणी सांगितलं नव्हतं, सवय म्हणून मोजले. तळाच्या ओळीत गुरुवारची तारीख होती.

मी आवाज सुरू केला. "शुक्रवारी काय बिघडतं?" असं म्हणाले. एवढंच.

"हिला मूळ माहीत न्हाई," काकू म्हणाल्या, प्रेमानेच. "इंग्रजी शाळेत घातलं की असं हुतंय."

आई म्हणाली, "अगं, तुला नाही कळायचं ते."

पुढचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं, पण ते इंग्रजीत होतं. ऑफिसात मी ते रोज लिहिते. मराठीत ते कसं म्हणायचं, हे जुळवेपर्यंत जिजू म्हणाले, "चला, मग ठरलं." आणि खरं सांगायचं तर भाषा हे निमित्त होतं. समजा मी शुक्रवारसाठी हट्ट धरला असता आणि शुक्रवारी काही झालं असतं. सिझेरियनमध्येही होतं कधीकधी. मग ते मूळ नक्षत्राने झालं असं म्हटलं गेलं नसतं, माझ्यामुळे झालं असं म्हटलं गेलं असतं. कदाचित मीही तसंच म्हटलं असतं. माझा नक्षत्रांवर विश्वास नाही, पण तेवढ्यापुरता तो निघाला.

कॉल संपल्यावर मी घरच्या ग्रुपवर एक मेसेज लिहिला. चार ओळींचा. वाचला, थोडा छोटा केला, पुन्हा वाचला. मग वाटलं, माझंच मोजणं चुकलं असेल. ते तीन आठवडे कदाचित धरतही असतील, आधी खात्री करू. मेसेज पुसला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पासपोर्ट ऑफिसच्या चौकशीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ संगीत वाजत राहिलं. मग एक बाई खरोखरच बोलायला लागली, तेव्हा मी फोन ठेवून दिला. ईमेल पाठवला, त्याला आपोआप येणारं उत्तर आलं. सरकारी पानावर नियम मी इतक्यांदा वाचला की तो पाठ झाला. त्यात कुठेतरी 'साधारण' किंवा 'सुमारे' असा शब्द मी शोधत होते. नव्हता.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बाळ झालं. पहिला नंबर मिळाला होता. जिजूंनी फोटो पाठवला, आणि तो बघून मला इतका आनंद झाला की दोन दिवस मी तक्ता उघडलाच नाही. हेही खरं आहे.

बारशाचे पाहुणे चारच्या सुमारास गेले. शेजारच्या आजी सगळ्यात शेवटी. जाताना त्यांनी काकूंना मिठी मारली, काकूंनी त्यांना कुंकू लावलं. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, पण दारात पाच मिनिटं गप्पा चालल्या होत्या.

मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. काकू ते पुसून प्रेसमध्ये लावत होत्या. प्रेस म्हणजे कपाट. त्या आठवडाभरातच इथला शब्द शिकल्या होत्या आणि मुद्दाम वापरत होत्या. ताई टेबलाशी बसून बाळाला पाजत होती. जिजू आत आले आणि टेबलावर एक फाईल ठेवली.

"वकीलबाई, हे घ्या. पासपोर्टचा फॉर्म, तुमच्या ताईची कार्डं, पगाराचे कागद, सगळं आहे. सोमवारी टाकायचंय. तुमचं रोजचंच काम, दहा मिनिटांत होईल."

"आज?"

"मग कधी? आई पुढच्या महिन्यात परत जाणार. नातीचा पासपोर्ट बघून जायचंय तिला. गावात दाखवायला फोटो पाहिजे. काय आई?"

"दाखवणारच," काकू म्हणाल्या. "आमच्या घरात पहिलीच, दुसऱ्या देशाची."

मी हात पुसले आणि बसले. फाईलमध्ये ताईची जुनी कार्डं एका छोट्या पाकिटात क्रमाने लावलेली होती. तिची सगळीच कामं अशी असतात. मी ती एकेक काढून टेबलावर मांडली. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, ही आता पहिल्यांदाच बघते आहे. मी पेन घेतलं आणि फाईलच्या पाठीमागे तारखा लिहायला लागले. उत्तर मला माहीत होतं, तरी मी बेरीज केली, हातचे घेऊन, शाळेतल्यासारखी.

"काय झालं?" जिजूंनी विचारलं.

"दोन दिवस कमी आहेत."

"कशात?"

मी सांगितलं. या वेळी मराठीत जमलं. तीन वर्षं, चारपैकी. विद्यार्थ्याची धरत नाहीत. मधले तीन आठवडे. गुरुवार. मंगळवार. बोलताना मी जिजूंकडे बघत होते, ताईकडे नाही.

"एक मिनिट, एक मिनिट." त्यांनी खुर्ची ओढली. "ती कामावर होती तेव्हा. पगार झालाय त्या तीन आठवड्यांचा. टॅक्स कापलाय. हे बघ ना, पगाराचा कागद."

"कार्ड नव्हतं."

"कार्ड त्यांनी उशिरा दिलं!"

"आपला अर्ज उशिरा गेला. नोकरीचा कागद उशिरा आला म्हणून."

"म्हणजे चूक कुणाचीच नाही आणि भरायचं हिने?" त्यांनी बाळाकडे बोट केलं. मग मोबाईल काढला आणि स्वतः मोजायला बसले. लीप वर्ष आहे का बघितलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. ते उतरवताना खिळा निघून पडला, तो पायाने बाजूला सारला. त्यांचं उत्तरही तेच आलं. त्यांनी परत मोजलं.

"दोन दिवसांचं काय घेऊन बसतात," ते म्हणाले. "आपण पत्र लिहू. हिच्या कन्सल्टंटांना सांगू, ते लिहून देतील, माणूस चांगला आहे. इथल्या खासदाराला भेटू. सगळे भेटतात."

"भेटता येईल," मी म्हणाले. ऑफिसात लोक मला असंच विचारतात, आणि मी असंच म्हणते. आजपर्यंत दोन दिवस कुणालाही मिळालेले मी बघितलेले नाहीत.

काकूंच्या हातात अजून कप होता. "म्हंजे बाळ इथलं न्हाई?"

"नाही काकू."

"हितंच झालं की. मी बघितलं."

"हो."

"मग कुठलं?"

याचं उत्तर सोपं नव्हतं. भारताची नागरिक व्हायलासुद्धा वकिलातीत नोंद करावी लागते, वर्षाच्या आत. ती होईपर्यंत कागदावर ती कुणाचीच नव्हती. तिच्याकडे फक्त एक जन्मदाखला होता, त्यावर ड्रोहेडा लिहिलेलं. मी म्हणाले, "भारतीय पासपोर्ट मिळेल. मग ताईला पाच वर्षं झाली की ती नागरिकत्वासाठी अर्ज करेल, आणि मग हिचाही करता येईल. राष्ट्राध्यक्षसुद्धा होता येईल हिला तेव्हा." हे शेवटचं मी का म्हणाले, मला माहीत नाही. कुणी हसलं नाही.

"शुक्रवार घेतला असता तर?" जिजूंनी विचारलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांना कळलं.

"आई, तुझे ते गुरुजी!" ते एकदम मोठ्याने म्हणाले. "राजयोग! लाखात एकाला! हाच का तो राजयोग?"

"अरे, मला काय ठाऊक," काकू म्हणाल्या. कप त्यांनी ओट्यावर ठेवला, पण हात तिथेच राहिला. "मी आपलं पोरीच्या भल्यासाठी..."

"तुला काय ठाऊक नव्हतं तर बोलायचंच कशाला? डॉक्टर म्हणत होते शुक्रवार चालेल. सगळे म्हणत होते."

"सगळे म्हणत नव्हते," ताई म्हणाली. "आईंना बोलू नकोस. हो मी म्हणाले."

"तू आईसाठी म्हणालीस!"

काकू खाली बसल्या. त्या रडत नव्हत्या. त्या बाळाच्या पायाकडे बघत होत्या, दुपट्यातून बाहेर आलेल्या एका पायाकडे, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मूळ असलं तर असलं असतं. शांत करून घेतली असती. त्याला उपाय हाय. ह्याला हाय का गं काही, पोरी?"

हे त्यांनी मला विचारलं. या घरात कागदातलं कळणारी मीच होते.

"नाही काकू," मी म्हणाले.

"काहीच न्हाई?"

"नाही."

जिजू उठून मागच्या दाराशी गेले आणि काचेतून बाहेर बघत उभे राहिले. बाहेर शेजारच्या आजी त्यांच्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी हात हलवला, जिजूंनीही हलवला.

मी तेव्हा नुसती गप्प बसले तरी पुरे होतं. मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. काकूंचे गुरुजी, काकूंचा मंगळवार. पुढच्या महिन्यात त्या ते घेऊन कोल्हापूरला गेल्या असत्या, आणि दर वेळी फोनवर पासपोर्टचा विषय निघाला की गप्प झाल्या असत्या. मी आज फॉर्म उघडला आणि आज मोजलं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. माझ्या अक्षरातली बेरीज टेबलावर होती. माझ्यावर शंका घ्यायला काही कारणच नव्हतं.

ताईने बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटायला लागली. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं असं मला वाटलं. पण लहानपणापासून ती असंच करते, दुसऱ्या कामात असताना विचारते.

"तुझं हे रोजचंच काम आहे ना," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुला कधी कळलं?"

जिजू दारातून वळले नाहीत. काकूंनी मान वर केली.

बाळाने ढेकर दिला. ताईने फडक्याने तिचं तोंड पुसलं.

"तुम्ही दिवस ठरवत होतात तेव्हा," मी म्हणाले. "मी फोनवरच होते."